अरण्यजिल्ह्यांतील नवा स्वयंरोजगार : कौशल्य आहे, ग्राहक कोठे?

चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्याच्या पूर्व टोकाचे दोन अरण्यजिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. कोळसा, कागद, सिमेंट आणि वीज यांचा आधार चंद्रपूरकडे राहिला. गडचिरोलीच्या वाट्यास प्रामुख्याने वने आली. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून येथील मुलामुलींना पदवीसाठी नागपूरच्या विद्यापीठावर अवलंबून राहावे लागत नाही. यांपैकी काही तरुणांनी अलीकडे संकेतस्थळे तयार करण्याचे आणि समाजमाध्यमांवर जाहिराती चालविण्याचे कौशल्य आत्मसात केले आहे. संगणक आहे, प्रमाणपत्र आहे, कामाची हौसही आहे. पण मोबदला देणारा ग्राहक नाही. प्रशिक्षणवर्गात संगणक शिकविला जातो, ग्राहक मिळविणे शिकविले जात नाही. परिणामी वर्ष-सहा महिन्यांत संगणक बाजूला पडतो आणि तरुण पुन्हा नोकरभरतीच्या रांगेत उभा राहतो.

हा प्रश्न या भागाला वाटतो तितका नवा नाही. बांबू आणि तेंदूपत्ता यांच्या बाबतीत येथील गावांनी तो सोसलेला आहे. माल गावाच्या परिसरातला, परंतु विक्री आणि भाव ठरविणारे दुसरेच, अशी स्थिती अनेक दशके होती. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर क्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला. तथापि बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. त्यानंतर खरेदीदार शोधण्याचे काम ग्रामसभेवरच येऊन पडले. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव येथेही ग्रामसभेने बांबूविक्रीचा व्यवहार स्वतःकडे घेतला. पुढे तेंदूपत्त्यासाठी अनेक ग्रामसभा वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवू लागल्या. जेथे माल उधारीवर गेला, तेथे काही ग्रामसभांची मोठी थकबाकी ठेकेदारांकडे अडकली. जाहीर बोलावणे, ठरलेला दर, आधी घेतलेली अनामत आणि लेखी करार, एवढ्या गोष्टी या अनुभवातून गावे शिकली. पदवीधर तरुणाने त्या आपल्याच गावच्या ग्रामसभेकडून शिकून घेण्यास हरकत नसावी.

प्रथम प्रश्न येतो तो ग्राहक कोणास समजावे याचा. ज्यास संकेतस्थळाची गरज आहे तो ग्राहक, ही समजूत बरीच फसवी आहे. गरज पुष्कळांना असते. खर्च करणारे थोडे असतात. म्हणून प्रसिद्धीसाठी जो आजही पैसे मोजतो, त्याच्याकडे आधी जावे. तालुक्याच्या गावी फेरफटका मारला, तरी अशी नावे फलकांवर दिसतात : खाजगी शिकवणी वर्ग, रुग्णालये, मंगल कार्यालये, वाहनविक्रेते. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, देसाईगंज या धानपट्ट्यात भातगिरण्या आहेत. आरमोरी-नागभीडकडे कोशाचे कापड विणले जाते. त्याला दूरच्या शहरांतील गिऱ्हाईक हवे असते.

याबाबतीत ताडोब्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या या वनाच्या मोहर्ली, कोलारा इत्यादी प्रवेशद्वारांभोवती निवासस्थानांची दाटी झाली आहे. मोठ्या निवासांची प्रसिद्धी बहुधा महानगरांतील संस्था पाहतात. घरगुती निवासव्यवस्था चालविणारा स्थानिक मनुष्य मात्र मध्यस्थ कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अवलंबून असतो आणि प्रत्येक आरक्षणामागे त्यांना दलाली देतो. पर्यटक थेट आपल्याशी संपर्क साधील तर ही दलाली वाचेल, हे त्याला हिशेबाने दाखविता येते. असा हिशेब कोणत्याही आकर्षक माहितीपत्रकापेक्षा अधिक पटतो. त्याच्याकडे जाण्याची वेळही साधली पाहिजे. गाभा क्षेत्रातील पर्यटन पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असते. ऑक्टोबरपासून हंगाम सुरू होतो. भर उन्हाळ्यात पाहुण्यांच्या गर्दीत गुंतलेला मालक कोणाचे ऐकून घेणार नाही. श्रावणात तो निवांत बसलेला असतो. भातगिरणीवाल्याची सवड अर्थातच वेगळी. धानाची आवक सुरू झाली की त्यास बोलण्यासही वेळ नसतो.

पहिले काम मिळविण्यासाठी फुकट काम करून देण्याची प्रथा पडली आहे. ती घातक आहे. एखादा नमुना स्वखर्चाने तयार करून दाखवावा, मात्र तो खऱ्या ग्राहकाच्या नावाने परस्पर प्रसिद्ध करू नये. काम ठरले की दरपत्रक लेखी द्यावे आणि त्यात पृष्ठे किती, मजकूर कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा, मुदत कोणती, हे नमूद असावे. निम्मी रक्कम विसार म्हणून घ्यावी. नात्यागोत्याच्या गावात पैसे आधी मागण्याचा संकोच वाटतो हे खरे. पण मंडपवाला विसार घेतल्याशिवाय मंडप टाकत नाही आणि त्याला कोणी उद्धट म्हणत नाही.

आणखी एक बाब ग्राहकाच्या विश्वासाशी निगडित आहे. संकेतस्थळाचे नाव व त्याची जागा यांचे शुल्क बहुधा दरवर्षी भरावे लागते. पुष्कळदा हे नाव करणारा आपल्याच नावाने नोंदवितो, पुढे गाव सोडून जातो आणि शाळेचे किंवा संस्थेचे संकेतस्थळ एके दिवशी बंद पडते. असे एकदा घडले की त्या गावात पुढच्या दहा जणांना दारे बंद होतात. म्हणून नोंदणी ग्राहकाच्याच नावे करावी, परवलीचे शब्द त्याच्या हाती द्यावेत आणि वार्षिक देखभालीचे अल्प शुल्क वेगळे ठरवावे. नियमित उत्पन्न याच देखभालीतून मिळते. एकदा केलेल्या कामाचे पैसे लवकर संपतात.

दूरच्या ग्राहकासाठी काम मिळवून देणारी आंतरराष्ट्रीय संकेतस्थळेही आहेत. तेथे स्पर्धा जगाशी असते आणि मोबदल्यातून दलाली कापली जाते. जवळच्या चार-पाच कामांचा दाखला हाती असल्याशिवाय तेथे निभाव लागणे कठीण. मात्र मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू किंवा बंगाली जाणणारा तरुण या जिल्ह्यांत सापडतो, आणि आरोग्य व शिक्षण क्षेत्रांतील संस्थांना अशा भाषांतील प्रचारसाहित्य लागते. हे बळ नागपूर-पुण्याच्या व्यावसायिकाकडे सहसा नसते.

थकलेल्या पैशांबाबत कायद्याचा आधार आहे, परंतु तो फारसा कोणास ठाऊक नाही. उद्यम नोंदणी निःशुल्क असून घरबसल्या करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उपक्रमाचे देयक करारात ठरलेल्या मुदतीत, आणि ही मुदत ४५ दिवसांहून अधिक नसावी, चुकते करावे लागते. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. काम करण्यापूर्वीच नोंदणी झालेली असावी, हे महत्त्वाचे. वस्तू व सेवा कराची नोंदणी मात्र केवळ सेवा देणाऱ्यास सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत आवश्यक नसते.

कार्यालये व पंचायती यांनाही ही तरतूद लागू आहे, ही गोष्ट अधिकारी व पदाधिकारी यांनी ध्यानात घ्यावयास हवी. शाळेचे किंवा पंचायतीचे छोटे काम स्थानिक तरुणास देताना कार्यादेश लेखी द्यावा, काम पूर्ण झाल्याचा दाखला त्याच आठवड्यात द्यावा आणि देयक मार्चअखेरीची वाट न पाहता काढावे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता दिवसेंदिवस बंद राहतो. तेथील तरुणास एका सहीसाठी गडचिरोलीच्या तीन खेपा घालाव्या लागल्या, तर त्याची निम्मी कमाई एस.टी.च्या भाड्यातच जाते.