घरचे वेल्डिंग मशीन : घ्यावे तर कोणते?



गळीत हंगाम आटोपला की ट्रॉल्या, टायरगाड्या आणि अंगद गाड्या डागडुजीसाठी दारात उभ्या राहतात. कुठे पत्रा फाटलेला, कुठे अँगल वाकलेला. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे त्या दिवसांत रांग असते. म्हणून शेतकी खात्यात लागणीची तारीख विचारायला येणारे सभासद हल्ली जाता जाता विचारतात, "साहेब, घरीच एक वेल्डिंगचं मशीन घ्यावं म्हणतोय. कुठलं घेऊ?"

आम्ही शेतकी पदविकेची माणसे. वेल्डिंग हा काही आमचा विषय नव्हे. पण या प्रश्नाला एकदा आम्ही विचार न करता उत्तर दिले आणि ते अंगाशी येता येता राहिले. तेव्हापासून वर्कशॉपमधल्या जाणत्या वेल्डरांजवळ बसून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

झाले असे. आमच्या गटातील एका सभासदाचा मुलगा भाईंदर पूर्वेला खारी भागात फॅब्रिकेशनच्या गाळ्यात काही वर्षे काम करून गावी परतला. हात चांगला बसलेला. घरच्या जुन्या सांगाड्यावरून ट्रॅक्टरमागे जोडायची छोटी गाडी तयार करावी, असे त्याच्या मनात होते. गाळ्यात तो मिग मशीनवर काम करी, म्हणून तसलेच घ्यायचे ठरवले. आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, "हात बसलाय ना? मग घेऊन टाक."

मिग मशीनमध्ये रिळावरची तार आपोआप पुढे सरकते आणि सिलिंडरमधला गॅस वितळत्या लोखंडाला हवेपासून झाकतो. बंद गाळ्यात हे काम सुरेख होते. गावाकडे मात्र त्याने मशीन मांडले उघड्या गोठ्यापुढे. माळावरचा वारा गॅस उडवून नेई आणि टाका जाळीदार आंबोळीसारखा भोकाभोकांचा येई. त्यात गॅस भरून आणायचा तर तालुक्याला खेप. शेवटी त्याने शेजाऱ्याचे लहान रॉडचे मशीन आणून गाडीचा हुक जोडला. वरून टाका देखणा होता. पहिल्याच फेरीत ओढ्याच्या मोरीवर हुक सुटला. गाडी रिकामी होती आणि मागे कोणी नव्हते, म्हणून निभावले. भरल्या उसाने, मागून शाळेची पोरे सायकलवर येत असताना हे झाले असते, तर? आमच्या एका शब्दाची किंमत आम्हाला त्या दिवशी कळली.

म्हणून पहिली गोष्ट ही, की मशीन दुकानात निवडायचे नसते, ते घरी निवडायचे असते. काय जोडायचे, कुठे बसून जोडायचे आणि घरात वीज किती, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

काय जोडायचे? जीप-मोटारीचा एक मिलिमीटरचा पत्रा जोडायचा असेल, तर रॉडने तो जळून भोक पडते. तेथे ०.८ मिलिमीटर तारेचे मिग मशीनच बरे, पण आडोसा हवा. ट्रॉलीचा सांगाडा, फाळके, अँगल, चॅनेल म्हणजे तीन ते आठ मिलिमीटरचे लोखंड असेल, तर रॉडचे मशीन पुरते. उघड्यावरही ते चालते, कारण रॉडवरचे लेपण जळून स्वतःच धूर आणि खपली तयार करते आणि टाका झाकते. टिग मशीन स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या नाजूक कामाचे. ट्रॉलीसाठी त्याची गरज नाही.

वीज किती? येथेच पुष्कळ जण फसतात. १०० अँपिअरवर वेल्डिंग करताना ठिणगीपाशी साधारण २४ व्होल्ट असतात, म्हणजे २.४ किलोवॅट. मशीनमधली घट धरून घरच्या २३० व्होल्टच्या लाईनवर तेरा ते सोळा अँपिअर भार येतो. १६ अँपिअरच्या सॉकेटची ही शिकस्त झाली. २०० अँपिअरवर हाच भार तीस अँपिअरच्या पुढे जातो. त्याला वेगळी जाड तार, वेगळा एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. शिवाय आपल्या वाड्या-वस्त्यांवर संध्याकाळी व्होल्टेज उतरते. तेव्हा मशीन किती कमी व्होल्टेजपर्यंत चालेल, हे त्याच्या पाटीवर वाचून घ्यावे. शेतीपंपाच्या जोडणीवर मात्र मशीन लावू नये. ज्या कामासाठी वीज मंजूर झाली ते सोडून दुसऱ्या कामासाठी ती वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो.

ट्रान्सफॉर्मर की इन्व्हर्टर? जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन वजनाला भारी, वीज जास्त खाणारे, पण दणकट. धूळ, ऊन सोसते आणि बिघडले तर तालुक्याला दुरुस्त होते. नवे इन्व्हर्टर मशीन एका हाताने उचलता येते, वीज कमी घेते आणि डीसी करंट देत असल्याने ठिणगी स्थिर राहते. नवख्या हाताला हेच सोपे. मात्र आतल्या पट्ट्यांवर धूळ आणि ग्राइंडरचा लोखंडी भुसा बसला की ते जळते. घरच्या कामाला आम्ही इन्व्हर्टरच सुचवू, पण सुटे भाग आणि दुरुस्ती जवळच्या गावात मिळते ना, एवढे विचारून.

पाटीवरचा आकडा. पेटीवर मोठ्या अक्षरात "२००" किंवा "२५०" लिहिलेले असते. त्याला भुलू नये. त्याशेजारी "६० टक्के" किंवा "३० टक्के" असे असते, ते बघावे. याचा हिशेब दहा मिनिटांचा असतो. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे त्या करंटवर दहातली सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विसावा. बैलालाही दर तासाला दावणीवर उभे करतोच ना आपण, तसेच हे. हा आकडाच नसलेले मशीन स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

रॉड. बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतो. दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, ९० ते १३० वर. आठ नंबरला, म्हणजे चार मिलिमीटरला, १४० च्या पुढे लागतो. ट्रॉलीच्या कामाला पहिले दोन पुष्कळ झाले. पुड्यावर आयएस ८१४ ही खूण पाहावी. सर्वसाधारण कामाला ६०१३ जातीचा रॉड हाताला सोपा. ७०१८ चा जोड अधिक चिवट, पण तो रॉड भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो. दमट रॉडचा टाका वरून चांगला दिसला तरी आतून तडकू शकतो. कोणताही रॉड पावसाळ्यात उघडा पडू देऊ नये.

आता त्या सुटलेल्या हुकाकडे वळू. वर्कशॉपच्या वेल्डरने तो हातात घेऊन दाखवले. बारा मिलिमीटरच्या पट्टीला कडा न घासता, खाच न पाडता, कमी करंटवर वरवर टाका मारलेला होता. लोखंड आत मुरलेच नव्हते. लिंपलेली भिंत आणि बांधलेली भिंत यात जेवढा फरक, तेवढाच हा. जाड लोखंडाला दोन्ही कडा उतरत्या घासून, खाचेत थरावर थर भरावा लागतो आणि प्रत्येक थरावरची खपली काढूनच पुढचा द्यावा लागतो.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. फाळके, पत्रा, खुंट, शिडी ही कामे घरी करावीत. हुक, दांडी, आसाची बैठक आणि ब्रेकचे भाग अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावेत. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस एका हुकावर लोंबत असतो. आस आणि पाटे तुटले तर जोडू नयेत, बदलावेत. ते कडक पोलाद असते. टाक्याच्या शेजारी ते काचेसारखे ठिसूळ होते.

स्वतः गाडी बनवण्याची हौस वाईट नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये ती देशभर गाजली. आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली. प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही, नियम मात्र सर्वांना आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत वाहनात मनाजोगा फेरफार करता येत नाही. ट्रॉलीचा सांगाडा वाढवण्याआधी आरटीओ कार्यालयात चौकशी करावी.

शेवटी जिवाचे सांगतो. काच लावल्याशिवाय ठिणगी पाहू नये आणि पोरांना भोवती उभे करू नये. ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी होल्डर धरू नये. डिझेलची टाकी, रिकामी असली तरी, वेल्ड करू नये. ट्रॅक्टरवर काम करताना आधी बॅटरीच्या तारा काढाव्यात. जस्ताच्या पत्र्याचा धूर छातीत गेला तर रात्री थंडी-ताप भरतो. वर गूळ खाल्ला म्हणून तो उतरत नाही. कडेचे जस्त आधी घासून काढावे आणि धूर तोंडावर येणार नाही असे बसावे.

तो मुलगा आता गोठ्याला तीन बाजूंनी पत्रे लावून मिगवर पत्र्याची कामे करतो. हुकाचे काम आले की गिऱ्हाईकाला अनुभवी वेल्डरकडे पाठवतो. आम्हीही आता मशीनचे नाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारतो. ज्यांना मशीन घ्यायचे आहे त्यांनी या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून गट कार्यालयात यावे, आपण मिळून पाहू. आणि ज्यांच्या ट्रॉलीचा हुक घरी जोडलेला आहे, त्यांनी मोळी पडायच्या आत तो जाणकाराला दाखवून घ्यावा, ही कळकळीची विनंती.