धातुशोधकाला माती का फसवते?

समजा, एकसारखी दोन नाणी आपण सारख्याच खोलीवर पुरली: एक कुरुंदवाडजवळच्या क्षारपड काळ्या रानात आणि दुसरे पन्हाळ्याच्या तांबड्या जांभ्या मातीत. यंत्र तेच, खोली तीच. तरीही धातुशोधक दोन्ही ठिकाणी सारखा वागेलच असे नाही. असे का व्हावे?

धातुशोधकाच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह वाहतो. त्यामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि फॅराडेच्या नियमानुसार नाण्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र वर येते आणि यंत्र तेच टिपते.

हे उत्तर किती क्षीण असते पाहा. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने खोली बरीच असेल, तर अंतर दुप्पट होताच क्षेत्र आठव्या हिश्शावर येते. परतीच्या वाटेवरही तसेच घडते. म्हणजे खोली दुप्पट झाली की उत्तर ८ × ८ = ६४ पटींनी कमी! अशा वेळी आजूबाजूची माती गप्प राहिली तरच नाण्याचे ऐकू येणार. पण माती गप्प राहत नाही. ती दोन प्रकारे उत्तर देते.

पहिला प्रकार विद्युत्वहनाचा. कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी माती चिकण आहे. ती पाणी धरून ठेवते. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने आणि निचरा न झाल्याने पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण क्षारांच्या पाण्यातून सहज वाहते. मग नाण्याप्रमाणे मातीतही प्रवाह फिरू लागतात. तेच रान उन्हाळ्यात वरून वाळले, की त्याचे हे उत्तर मंदावते.

दुसरा प्रकार चुंबकत्वाचा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असतात. पाषाण झिजून झालेल्या मातीत ती उतरतात. जांभ्यात तर लोहाची ऑक्साइडे भरपूर. त्यांतील चुंबकीय कण वेटोळ्याच्या क्षेत्राला प्रतिसाद देतात.

यावर उपाय आहे. बहुतेक चुंबकीय कण क्षेत्राबरोबर ताबडतोब डोलतात. धातूतील प्रवाहाच्या उत्तराला किंचित उशीर लागतो. या फरकाच्या आधारे यंत्र मातीचे उत्तर वजा करू शकते. मात्र क्षारांचे उत्तर वेगळ्या वेळी येते, म्हणून लोहयुक्त मातीसाठी जुळवलेले यंत्र क्षारपड रानात पुन्हा जुळवावे लागते. काही यंत्रे क्षेत्राचा ठोका देऊन थांबतात आणि मग ऐकतात. तोवर क्षारांचे उत्तर बहुतांशी विरून जाते. पण जांभ्यातील काही अतिसूक्ष्म कण रेंगाळत उत्तर देतात आणि धातूची नक्कल करतात! वेटोळे मोठे घ्यावे, तर पोच वाढते. पण अधिक मातीही बोलू लागते.

हे तुम्हाला शाळेतही पाहता येईल. चुंबक पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून नदीच्या कोरड्या वाळूतून फिरवा. चिकटलेले काळे कण भिंगाखाली पाहा. मग दोन भांड्यांत सारखीच माती घ्या. एकीत गोडे पाणी, दुसरीत तितकेच मिठाचे पाणी घाला. प्रत्येकीत सारख्या अंतरावर दोन खिळे खोचून बॅटरी व मिलिअँपिअरमापी जोडा. कोणत्या मातीतून अधिक प्रवाह वाहतो?

आसपासच्या वस्तूंचे उत्तर किती महागात पडते, याचे जुने उदाहरण आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी ग्रॅहॅम बेलने अशाच तत्त्वाच्या यंत्राने शोधू पाहिली. अंथरुणाखालच्या पोलादी तारांनी घोटाळा केला. गोळी सापडली नाही. आज सुरुंग शोधणाऱ्यांपुढे तोच प्रश्न असतो. कंबोडियातील जांभ्या जमिनीत माती आणि सुरुंगातील धातूचा बारीकसा तुकडा यांची उत्तरे वेगळी ओळखणे अवघड जाते. म्हणून आधी त्याच मातीत, ठरावीक खोलीवर धातू पुरून यंत्र तपासतात.

तेव्हा यंत्र वाजले नाही, म्हणजे खाली धातू नाही, असे समजू नका. या मातीत, या खोलीपर्यंत यंत्राला काही ऐकू आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती खोली किती, हे यंत्राइतकेच मातीही ठरवते.