सोलापूरहून ‘हर्मीस’पर्यंत

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बट्टिकलोआजवळच्या समुद्रात ‘एचएमएस हर्मीस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका कुशीवर पडून आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ती बुडवली. तेव्हा तिच्यावर स्वतःचं एकही विमान नव्हतं. ३०७ माणसं गेली. ज्याला समुद्रच लांब, अशा सोलापूरकराला परदेशी बुडीत जहाज पाहायचं तर मुंबई-कोलंबो विमानामुळे हे त्यातल्या त्यात जवळचं.

तळ सुमारे ५३ मीटरवर आहे आणि नियोजन या आकड्यापासूनच सुरू होतं. हौशी डाइव्हिंगची मर्यादा ४० मीटर. ५३ मीटरवर दाब जमिनीवरच्या ६.३ पट असतो. तिथे साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो. गेज डोळ्यांसमोर असतं, पण आकडा डोक्यात शिरत नाही. म्हणून हवेत हेलियम मिसळून ‘ट्रायमिक्स’ घेतात. १८ टक्के ऑक्सिजन आणि ४५ टक्के हेलियम असेल, तर साध्या हवेवर २५ मीटरला जेवढी गुंगी येते तेवढीच इथे येते.

आता हिशोब. पृष्ठभागावर श्वासाला मिनिटाला २० लिटर वायू लागत असेल, तर तळाशी १२६ लिटर लागतो. पाठीवर १२ लिटरचे दोन सिलिंडर, २०० बार दाबाने भरलेले, म्हणजे ४,८०० लिटर. त्याचे तीन हिस्से करायचे. एक हिस्सा जायला, एक परतायला, तिसरा जोडीदारावर प्रसंग आला तर. जायला १,६०० लिटर उरले, म्हणजे जेमतेम बारा मिनिटं. शिवाय वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं. त्यासाठी ५० टक्के ऑक्सिजनचा वेगळा सिलिंडर बाजूला लटकवतात. तो २१ मीटरच्या खाली तोंडाला लावायचा नाही. तिथे तोच ऑक्सिजन झटके आणू शकतो.

त्यामुळे डाइव्ह सेंटरला पहिला प्रश्न दराचा नको. हेलियम मिळेल का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, जवळचा रिकम्प्रेशन चेंबर कुठे, हे विचारा. सिलिंडरमधलं मिश्रण आपल्या हाताने अॅनालायझरवर तपासा. प्रवास विम्यात खोलीची अट असते, ती वाचा. तिथला समुद्र साधारण मे ते सप्टेंबर शांत असतो.

शेवटचा डाइव्ह आणि परतीचं विमान यांत किमान २४ तास ठेवा, कारण विमानात दाब घटतो आणि अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होतात. घाटालाही हेच लागू. तारकर्लीत सराव करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे सोलापूर गाठायची घाई करू नका. आंबोली जवळपास ७०० मीटर उंच आहे.

हेलियमची लेखी खात्री नसेल, तर तिकीट काढू नका. आणि ‘हवेवरच जाऊ, काही होत नाही’ म्हणणाऱ्या सेंटरला सरळ नाही म्हणा.