धरलेलं पाणी आणि दिलेलं पाणी

मोठा पाऊस उघडला म्हणून कुणी लगेच शेतात औत घालत नाही. वाफसा येण्याची वाट पाहतात. मातीचा मुठीत गोळा होतो, पण हाताला चिकटत नाही आणि बोटाने दाबला की फुटतो, तो वाफसा. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथे हवा शिरलेली असते, बारीक पोकळ्यांत मात्र ओल टिकलेली असते. जितकं जास्त पाणी धरेल तितकी जमीन चांगली, हा समज इथेच डळमळतो. मुळांनाही श्वास लागतो आणि ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. पाणी तुंबलेल्या रानातली तूर माना टाकते ती एका अर्थी तहानेनेच: गुदमरलेल्या मुळांना समोरचं पाणी उचलता येत नाही.

शिवाय धरलेलं सगळं पाणी जमीन देतेच असं नाही. काळ्या मातीतल्या माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग, थरांच्या आतला धरून, ७०० चौरस मीटरच्या घरात जातो. एवढ्या पृष्ठभागाला चिकटलेलं पाणी सुटणार कसं? बहुतेक पिकांची ओढ साधारण १५ वातावरणांच्या दाबाइतकी. त्यापुढे पीक सुकतं, तरी भारी जमिनीत बरंच पाणी शिल्लक असतं. विहिरीत पाणी आहे, पण पोहरा पोचत नाही. वाळूत उलट गत: पाणी सहज सुटतं, पण थांबतच नाही. यावर कुणी मंगळवेढ्याच्या ज्वारीचा दाखला देईल. पेरणीनंतर फारसा पाऊस नसताना ती काळ्या रानात पिकते, हे खरंच. पण त्यात मोठा वाटा खोलीचा आहे. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओल पुरवू शकते. तीच माती मुरमावर वीतभर असेल, तर कणीस भरण्याआधीच ओल संपते. राहिलेली ओल भेगांतून उडू नये म्हणून कोळपणी असतेच.

निचरा म्हणजे पाणी वाया घालवणं, हा दुसरा आक्षेप. दुष्काळी भागात तो बोचतो, पण सांगलीच्या कृष्णाकाठी उसाखालच्या खारपड जमिनी पाहिल्यावर टिकत नाही. पाण्यासोबत थोडे क्षार येतात, पीक पाणी घेतं आणि क्षार मागे ठेवतं. निचरा नसला की भूजल वर चढतं, पाणी उडून जातं आणि पांढरा थर उरतो. सोडियम वाढला तर चिकणमातीचे कण विखुरतात, पोकळ्या बुजतात, जमीन चोपण होते. ठिबकने नवी भर कमी होईल, साचलेलं मात्र जाणार नाही. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकतो खरा, पण त्याला शेताबाहेर जायला वाट हवी. म्हणून आधी चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, आणि मगच जिप्समची पोती.