गाठ, की गाठीचा आभास?

बाळंतीण डोके दुखते म्हणाली की घरातील वडीलधाऱ्या बायका "वारा लागला असेल, कान बांध" असे सांगून तिला निजवितात. आम्ही त्यांस हसत नाही. बहुधा त्यांचे म्हणणे खरेच ठरते. परंतु क्वचित या दुखण्याचे मूळ मेंदूच्या तळाशी, 'तुर्की खोगीर' असे मौजेचे नाव मिळालेल्या हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढ्या पिट्युइटरी ग्रंथीत असते. ही ग्रंथी फुगली म्हणजे वरच्या दृष्टितंतूंवर दाब पडून नजर अधू होते. एम. आर. आय. चित्रात फुगवटा दिसतो, आणि घरादारात एकच शब्द उमटतो : अर्बुद!

पण प्रत्येक फुगवटा अर्बुद नसतो. सन १९६२ मध्ये गुडी व पिंकर्टन या डॉक्टरांनी एका २२ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. दुसऱ्या बाळंतपणानंतर १४ महिन्यांनी, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेमागोमाग ती दगावली. शवपरीक्षेत तिच्या पिट्युइटरीत श्वेतपेशींची दाटी आढळली. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचीही तीच अवस्था होती. राखणदारच घरच्या माणसांवर उलटले होते! हा ग्रंथिशोथ गरोदरपणाच्या अखेरीस व बाळंतपणानंतर विशेषेकरून आढळतो, आणि चित्रात तो अर्बुदासारखाच दिसत असल्यामुळे कित्येकांवर विनाकारण शस्त्रक्रिया झालेली आहे.

उलटलेली प्रतिकारशक्ती रक्तात स्वप्रतिपिंडे, म्हणजे शरीराच्याच घटकांस चिकटणारी प्रथिने, सोडते. तीच शोधावीत, ही कल्पना जुनी. पण पूर्वीच्या चाचण्यांत ती इतर विकारांतही सापडत, म्हणून हा साक्षीदार बेभरवशाचा ठरला. २०१५ साली जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी रॅबफिलिन-३ए या एकाच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तपासली. ग्रंथीचा देठ व मागील भाग सुजलेल्या २९ रोग्यांपैकी २२ जणांत ती मिळाली. त्याच जागी अन्य प्रकारच्या गाठी असलेल्या ३४ जणांत एकाच्याही रक्तात नाहीत. उरलेले ७ मात्र चाचणीतून निसटले, तेव्हा ती नकारार्थी आली एवढ्यावरून शोथ नाहीच, असे म्हणवत नाही.

या शोथात अनावर तहान लागते व पाण्यासारखी लघवी वारंवार होते; पिट्युइटरीच्या नेहमीच्या अर्बुदात शस्त्रक्रियेपूर्वी असे क्वचितच घडते. म्हणून सूनबाई रात्रीतून चार वेळा तांब्या रिकामा करते, ही गोष्ट सासूबाईंनी डॉक्टरांच्या कानी अवश्य घालावी. आमच्या घरांत ती संकोचापायी सांगितलीच जात नाही. शोथ असल्यास स्टेरॉइड औषधांनी सूज पुष्कळदा ओसरते. नजर झपाट्याने जात असेल तर मात्र शस्त्रक्रिया लांबणीवर टाकता येत नाही.