मक्याची प्रत नुसत्या डोळ्यांना कळत नाही

दिवाळीच्या सुमाराला नांदगावच्या बाजार समितीत मक्याच्या ट्रॉल्या लागतात. खरेदीदार मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली फोडतो आणि बोली सुरू होते. ते पाहून वाटते की दाणा भरदार आणि पिवळाधमक असला की माल एक नंबरचा. पण मक्याचा भाव सर्वांत जास्त पाडतो तो ओलावा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सरावलेल्या दाताला ओला आणि सुका दाणा ओळखता येतो. 14 टक्के आणि 16 टक्के यांतला फरक मात्र यंत्रच सांगते.

हमीभावाच्या सरकारी खरेदीत 14 टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा मका चालत नाही. माती-काडीकचरा 1 टक्का, किडका दाणा 1 टक्का, सुरकुतलेला आणि अपक्व दाणा 3 टक्के, अशा इतर मर्यादाही आहेत. यात बसणाऱ्या मालाला ‘एफएक्यू’ म्हणतात. निवडून काढलेला उत्तम माल, असा त्याचा अर्थ अनेकजण लावतात आणि बिचकतात. प्रत्यक्षात तो रास्त सरासरी दर्जा आहे. थोडा डाग, थोडा कचरा त्यात धरलेलाच असतो. हे आकडे मक्याचे. गव्हाला 12 टक्के ओलावा चालतो, त्यापुढे 14 पर्यंत भाव कापून.

“ओला माल वजनात भरतो, तसाच विकावा” हा सल्ला तर हिशेबावर घासून पाहायलाच हवा. 20 टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर मक्यात कोरडा भाग 80 किलो. तो 14 टक्क्यांवर वाळवला की वजन 93 किलो उरते. घट 6 नव्हे, 7 किलो. सुक्या मक्याला 2000 रुपये भाव धरला, तर ओल्याची बरोबरीची किंमत 1860 रुपये. बोली 1700 वर अडली, तर वाळवणीच्या मजुरीला क्विंटलमागे 160 रुपये हाताशी आहेत. खळे आणि ऊन असेल तर माल थांबवणे परवडते. पाऊस डोक्यावर असेल तर नाही.

खरेदीदार जादा कापतो, त्यामागे खरी भीतीही असते. ओल्या मक्याची थप्पी तापते, बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. ते कोंबडीच्या यकृतावर घाव घालते, म्हणून पशुखाद्यवाले सावध असतात. मका नंतर वाळवला तरी विष जात नाही. सुक्यात ओला मिसळून सरासरी काढणेही धोक्याचे, कारण ओलावा सारखा पसरण्याआधीच ओल्या जागी बुरशी सुरू होते.

म्हणून मोजणी आपल्यासमोर करून घ्यावी. यंत्र मक्यावर लावले आहे ना, ते विचारावे. नमुना ट्रॉलीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून घ्यायला लावावा. उन्हात तापलेला दाणा आकडा चुकवतो. तो निवू द्यावा.