फॅशन घड्याळांचे आकर्षण आणि प्रसिद्ध व्यक्तींच्या जाहिराती : सिंधुदुर्गातील ग्राहकाच्या संदर्भात

प्रस्तावना

मालवण किनाऱ्यावरील मच्छीमार भरती-ओहोटीचा अंदाज तिथीवरून बांधत आले आहेत. आता मोबाइलवरही अचूक वेळ कळते. तरीही नामांकित फॅशन घड्याळाची ओढ तरुण वर्गात टिकून आहे. वेळ पाहणे हा या खरेदीचा मुख्य हेतू नसेल, तर ग्राहक नेमके काय विकत घेतो आणि त्यात प्रसिद्ध व्यक्तीचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अचूकतेकडून प्रतिमेकडे

घड्याळाला कोकणात पूर्वीपासूनच प्रतिष्ठा होती. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये घड्याळनिर्मिती सुरू केली. पुढील काळात गणपतीला वा शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या मनगटावरील घड्याळ ही मुंबईतील स्थिर नोकरीची खूण ठरली. ही प्रतिष्ठा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या श्रमाची होती.

डिसेंबर १९६९ मध्ये सायकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. हे तंत्र पुढे स्वस्त झाले आणि साध्या व महागड्या घड्याळांतील अचूकतेचा फरक जवळजवळ उरला नाही. साहजिकच अधिक किमतीचे समर्थन रूप, नाव व प्रतिमा यांत शोधले जाऊ लागले. एम्पोरिओ अरमानी, मायकेल कॉर्स या वस्त्रप्रावरणांच्या नावांची घड्याळे फॉसिल या अमेरिकी कंपनीने परवाना घेऊन तयार केली आहेत. भारतात टायटनने १९९८ मध्ये फास्ट्रॅक ही तरुणांसाठीची मालिका आणली. दुसरीकडे, एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला.

प्रसिद्ध व्यक्तीचे कार्य

ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूने इंग्लिश खाडी पोहण्याच्या प्रयत्नात रोलेक्सचे घड्याळ सोबत नेले. पोहणे अपुरे राहिले. घड्याळ मात्र चालू राहिले. ही जाहिरात म्हणजे वस्तूच्या गुणाची साक्ष होती. १९४१ मध्ये मराठी चित्रपटरसिकांना परिचित अशा लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत दिसल्या, तेव्हा साक्षीची जागा सौंदर्याच्या प्रतिमेने घेतली. २००४ मध्ये आमिर खान टायटनचे सदिच्छादूत झाले. अभिनेत्याला घड्याळाच्या यंत्राचे ज्ञान असावे, अशी अपेक्षा येथे कोणी ठेवत नाही.

ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या अर्थसंक्रमणाच्या सिद्धांताने हे उलगडते. समाजाने प्रसिद्ध व्यक्तीला दिलेला अर्थ जाहिरातीतून वस्तूकडे आणि खरेदीतून ग्राहकाकडे जातो, असे हा सिद्धांत सांगतो. मात्र शेवटचा टप्पा आपोआप पूर्ण होत नाही. घड्याळ मनगटावर येते. नटाचे यश येत नाही.

कायद्याची मर्यादा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिचे समर्थन करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; पुन्हा तसेच घडल्यास ही मर्यादा पन्नास लाख आहे. परंतु खोटे ठरण्यासाठी मुळात विधान असावे लागते. फॅशन घड्याळाची जाहिरात बहुधा कोणतेही विधान करीत नाही; ती केवळ एक चेहरा आणि एक मनगट दाखवते. अशा ठिकाणी कायद्याचे संरक्षण तोकडे पडते.

निष्कर्ष

शोभेसाठी खर्च करणे गैर नाही. मात्र मासळीच्या हंगामावर किंवा मुंबईहून येणाऱ्या पैशावर ज्या कुटुंबाचा संसार चालतो, तेथे यंत्राची किंमत किती आणि नावाची किती, हे तरुण ग्राहकाने खरेदीपूर्वी वेगवेगळे मोजणे आवश्यक आहे. ग्राहकशिक्षणात भेसळ व वजनमापाबरोबरच जाहिरातीतील प्रतिमेचे वाचनही शिकविले गेले पाहिजे.